बटणावरचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. पण गाणी लावणारा नव्हे. छोट्या विमानांच्या धावपट्टीशेजारी पत्र्याची एक खोली आहे. तिथल्या टेबलावर मी बसलेला असतो. वेटोळ्या वायरीने मला एक माईक जोडलेला आहे. माईकवरचे बटण दाबले की माझ्यातून बोलता येते, सोडले की ऐकू येते. दोन्ही एकदम मला जमत नाही. कारखान्यात मला घडवले तेच असे.

मोठ्या विमानतळांवर उंच मनोऱ्यात बसलेली माणसे विमानांना वाटा सांगतात. आमच्याकडे मनोरा नाही. शिकाऊ वैमानिक पट्टीभोवती चौकोनी फेऱ्या मारतात आणि प्रत्येक वळणावर आपण कुठे आहोत ते रेडिओवर सांगतात. सगळ्यांसाठी लहर एकच. एक जण बोलत असताना दुसऱ्याने तोंड उघडले, तर दोघांचेही बोलणे वाया जाते.

इथे शिकवणाऱ्या बाई आणि इंजिने दुरुस्त करणारे मिस्त्री हे नवराबायको. उतरायला वळल्या की बाई आपली जागा सांगून शेवटी हळूच म्हणत, "आले हं." मिस्त्री हातातला पाना ठेवून माईक उचलत आणि म्हणत, "ये." एवढेच.

शिकाऊ लोक चिडवत. "मॅडम, सर नाही म्हणाले तर वरच राहणार का?"

"नाही म्हणायला ते शिकलेच नाहीत," बाई म्हणत. "म्हणून तर लग्न झालं."

मला त्या दोन शब्दांचा फार अभिमान वाटे.

एका सुटीच्या दिवशी आकाशात गर्दी होती. बाई पिवळ्या विमानात एका दातांच्या डॉक्टरला शिकवत होत्या. खाली मिस्त्रींना हत्यारांच्या कपाटाची चावी सापडेना. वैतागून त्यांनी माईक उचलला.

"अगं, कपाटाची चावी कुठे ठेवलीस? खिळ्याला नाहीये. थांब, खिशात बघतो. ही घरची... ही कसली आणखी?"

एका हाताने ते खिसे चाचपत राहिले. दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावरच राहिला. मी त्या चाव्यांचा खुळखुळाट आभाळभर पाठवत राहिलो.

नेमके तेव्हाच बाहेरून आलेले एक लाल विमान त्याच फेरीत शिरत होते. त्याच्या वैमानिकाने नियमाप्रमाणे आपली जागा सांगितली. ती कुणालाच कळली नाही. मलाही नाही.

अंगठा उठला आणि बाईंचा आवाज माझ्यातून फुटला. "लाल विमान, उजवीकडे! उजवीकडे वळा!"

मिस्त्री माईकसकट दाराकडे धावले. मी टेबलाच्या कडेपर्यंत ओढला गेलो. वर दोन्ही विमाने एकमेकांना जवळजवळ घासून सुटली.

उतरल्यावर डॉक्टर खोलीतल्या बाकावर बसले. रोज लोकांना आ करायला लावणारा माणूस स्वतःच आ करून बसला होता. "मॅडमनी वळण्याआधी पंख उचलून बघायला लावलं," ते म्हणाले. "पंखाआड होतं हो ते. अगदी शेजारी."

पिवळ्या विमानाचे पंख खिडकीच्या वर असतात. वळताना पंख झुकतो आणि ज्या बाजूला जायचे तीच बाजू झाकतो. म्हणून बाई आधी तो उचलून नीट पाहायला लावत. त्या दिवशी कान कामी आले नाहीत. डोळ्यांनी वाचवले.

बाई पाणी प्यायल्या. पर्समधून चावी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "खाली येऊन दिलीच असती हो," एवढेच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मिस्त्रींना सोपे गेले असते.

त्या दिवसापासून मिस्त्रींनी "ये" म्हणणे सोडले. बाई "आले हं" म्हणत आणि मी नुसता खरखरत राहत असे.

"अहो, एका शब्दाने आभाळ कोसळत नाही," बाई एकदा म्हणाल्या.

"माझ्या शब्दाने कोसळत होतं," मिस्त्री म्हणाले आणि पाना घेऊन बाहेर गेले.

पुढे बाई आजारी पडल्या. दवाखान्यात भरती होण्यापूर्वी त्यांना एक फेरी मारायची होती. तोवर डॉक्टर चांगले वैमानिक झाले होते; ते शेजारी बसले. त्या संध्याकाळी वर दुसरे एकही विमान नव्हते.

"आले हं," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी माईक तोंडाशी नेला. अंगठा बटणावर होता.

"अहो, आले हं."

पण बटण दाबले गेले नाही. मग पट्टीवर चाके टेकल्याचा आवाज आला.

बाई दवाखान्यातून परत आल्या नाहीत. आता माझ्या डोक्यावर मिस्त्रींनी ब्रशने लिहिले आहे, "आधी ऐका. थोडके बोला. बटण सोडा." नव्या शिकाऊंना ते मला दाखवतात आणि पंख उचलून पाहायला बजावतात. मऊ फडक्याने मला पुसतात. आणि सगळी विमाने आत आली की माईक उचलून हळूच म्हणतात, "ये." बटण दाबत नाहीत.

मित्रांनो, वर गर्दी असेल तेव्हा गप्प राहून दुसऱ्याचे ऐका. त्यात जीव वाचतात. पण कुणी तुमच्या एका शब्दासाठी थांबले असेल आणि आभाळ मोकळे असेल, तर बोला. बटण न दाबता म्हटलेला शब्द मी कितीही धडपडलो तरी पोहोचवू शकत नाही.