न पेरलेले वाफे

“अगं, यंदा तुझे वाफे अजून मोकळेच?” शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारले.

“पाऊस हटू दे की आधी,” मोठी म्हणाली आणि ओली छत्री झटकून घरात शिरली.

पाऊस रेंगाळला होता हे खरे; पण तो दर वर्षीच रेंगाळत असे. या शहरात उकाडा आणि पाऊस जोडीने येत आणि चिकट पाहुण्यांसारखे उठायचे नाव घेत नसत. कपाटातल्या चपलांवर बुरशी धरे, मिठाला पाणी सुटे. हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीमागे बसून गोळ्यांची पाकिटे देताना मोठीच्या कोपरांचा घाम फळीवर उमटे. त्या महिन्यांत बाग म्हणजे नुसती हमाली. आज उपटलेले तण परवा पुन्हा हजर. गोगलगायींनी कोवळे कोंब फस्त केलेले, उरलेली रोपे बुंध्याशी कुजून आडवी. तरी मोठी दर वर्षी व्हरांड्यात प्लास्टिकखाली पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्झी अशा हंगामी फुलांची रोपे धरायची. मेली की पुन्हा पेरायची. मग एक दिवस वारा फिरे, हवा कोरडी होई आणि थंडीच्या तोंडावर बाग अंगात आल्यासारखी फुलून येई.

धाकटी बहीण नेमकी तेव्हाच यायची. लांबच्या देशातून, सुट्टीवर. पंचेचाळिशी उलटली तरी आई तिला चिमणीच म्हणे आणि व्हरांड्यातल्या खुर्चीतून आल्यागेल्याला सांगे, “माझ्या चिमणीचा पायगुणच तसा. ती आली की बाग फुलते.”

पहिली काही वर्षे मोठी हसली. मग तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले. मागच्या वर्षी आईने काकूंना हेच सांगितले तेव्हा मोठी शेणखताने बरबटलेले हात घेऊन समोर उभी होती. “हात धू आणि चहा टाक चिमणीला,” आई तिला म्हणाली होती.

यंदा मोठीने बियाणे आणलेच नाही. वाफे मात्र नीट खणून, तण काढून, लख्ख मोकळे ठेवले. कोणाला आळस वाटायला नको.

वारा फिरला. धाकटी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आईला हात धरून व्हरांड्यात बसवले. मोठी चहा घेऊन दारात थांबली. सगळा पावसाळा तिने या सकाळची वाट पाहिली होती. आता आई काय म्हणते?

आईने उजवीकडून डावीकडे सावकाश मान फिरवली. “बघ,” ती म्हणाली, “काय फुललीय यंदा! तू येणार म्हटल्यावर.”

समोर तपकिरी माती होती. धाकटीने मातीकडे पाहिले, मग आईकडे. तिने आपला पंजा हळूच आईच्या डोळ्यांसमोर धरला, हलवला. आई कौतुकाने हसतच होती.

धाकटी तडक स्वयंपाकघरात आली. “ताई, आईला दिसत नाहीये.”

“काहीतरीच. काल तुला दार कुणी उघडलं?”

“घर पाठ आहे तिला. अगं, तू रोज इथे असतेस. तुझ्या कसं लक्षात आलं नाही?”

पावसाळ्यात आईच्या हातून दोनदा दूध सांडले होते. एकदा ती दाराच्या चौकटीवर आपटली होती. दर वेळी मोठी एकच वाक्य बोलली होती, “नीट बघून चालता येत नाही का तुला?”

विचारल्यावर आईने आढेवेढे घेतले नाहीत. “मागच्या थंडीपासूनच धूसर होतं. आता उजेड तेवढा कळतो.”

“मग मला सांगितलं का नाहीस?” मोठीचा आवाज चढला.

“तुला कसं सांगणार? कामावरून येतेस तीच कपाळाला आठ्या घालून. त्यात आणखी माझं लचांड.” आईने चाचपून धाकटीचा हात धरला. “आणि हिला फोनवर सांगितलं असतं तर हिच्या जिवाला घोर.”

हॉस्पिटलातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून मान हलवली. काचबिंदू होता, गेलेली नजर परत येण्यासारखी नव्हती. “जरा आधी आणायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. मग मोठीच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहून त्यांनी विचारले, “तुम्ही इथेच असता ना?”

“हो,” मोठी म्हणाली.

संध्याकाळी आई आडवी झाल्यावर धाकटी वाफ्यांपाशी येऊन उभी राहिली. “बागेचं आईला कळू देऊ नकोस. पण झालं काय यंदा? कीड पडली?”

“पेरलंच नाही.”

“का?”

“बघायचं होतं. तू आलीस की आपोआप फुलतं का ते.”

धाकटी दुखावल्या आवाजात म्हणाली, “मी कधी म्हटलं होतं का गं तसं?”

नव्हतेच म्हटले. तेच तर होते. भांडायला समोर कोणी नव्हतेच.

मग रोज सकाळी धाकटी आईशेजारी बसून मातीतली फुले सांगू लागली. “गुलाबी आहेत आई, मोठाली. शेजारी पिवळी.” तिला नावे येत नव्हती. एकदा आईने विचारले, “आणि ती जांभळी, बारकी?” धाकटी अडखळली आणि तिने दाराकडे पाहिले.

मोठी कामावर निघाली होती. पर्स खांद्याला अडकवत ती म्हणाली, “भिंतीलगत आहेत. यंदा दाट आलीत.”

“वाटलंच मला,” आई म्हणाली आणि धाकटीच्या हातावर थोपटले.

सुट्टी संपली, धाकटी गेली. जाताना गळ्यात पडून रडली. मोठीने तिची पाठ थोपटली, बॅग गाडीत ठेवली.

पुढच्या रविवारी मोठीने आईला व्हरांड्यात आणून बसवले. हवा छान कोरडी होती.

“चिमणी गेली,” आई म्हणाली. “आता ओसरली असेल ना बाग?”

मोठीने वाफ्यांकडे पाहिले. कडेने तण वर येऊ लागले होते.

“हो,” ती म्हणाली. “ओसरली.”

“ओसरणारच.”

मोठी आत जायला वळली आणि थबकली. उन्हाची तिरीप सरळ आईच्या तोंडावर आली होती.

“डोळ्यांवर येतंय का ऊन?”

“येतंय गं जरासं.”

तिने दोन्ही हातांनी खुर्ची उचलून थोडी फिरवली. “आता?”

“आता बरंय,” आई म्हणाली.