पंधरावं नाव

केडगावच्या खो-खो क्लबच्या फळ्यावर राज्य स्पर्धेला जाणाऱ्या मुलींच्या संघाची यादी लागली, तेव्हा राजनंदिनीला आपलं नाव शेवटी, पंधराव्या जागी दिसलं. तिने यादी पुन्हा वरून खाली वाचली. शबनमचं नाव कुठेच नव्हतं.

दोघी नववीत होत्या. शबनम पळतीला उतरली की अडीच-अडीच मिनिटं हाती लागायची नाही. राजनंदिनी मिनिटभरात बाद व्हायची. हे क्लबातल्या प्रत्येक मुलीला माहीत होतं, आणि प्रशिक्षक गोरक्ष सरांना तर सगळ्यांत जास्त. पण राजनंदिनीचे वडील रविराज क्लबचे अध्यक्ष होते. मैदानावरचे दिवे त्यांनी बसवून दिले होते, राज्य स्पर्धेला जायची गाडीही त्यांचीच होती. शबनमची आई शरिफा मसाला कांडपाच्या गिरणीत कामाला होती. माझी पोरगी कुठं कमी पडली तेवढं सांगा, असं ती सरांना विचारून गेली होती. सरांनी अनुभव कमी पडतो म्हणून तिला वाटेला लावलं होतं.

त्या रात्री जेवताना राजनंदिनीने आपण जाणार नाही असं सांगितलं. रविराज रागावले नाहीत, हसले. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात तेव्हा कळेल, म्हणाले आणि आमटी मागितली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर नेहमीप्रमाणे पालक बसले होते. सगळ्यांसमोर राजनंदिनी सरांकडे गेली आणि माझं नाव खोडा म्हणाली. सरांनी एकदा रविराजांकडे पाहिलं, मग खरंच नाव खोडलं आणि तिथे दिपालीचं लिहिलं. दिपाली सरांची भाची. आपण बाजूला झालो की जागा आपोआप शबनमला मिळेल, असं राजनंदिनीला वाटलं होतं. आपण किती खुळ्यासारखा विचार केला, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

ती मैदानात गेली आणि दोन खांबांच्या मधल्या रेषेवर, पाठलागाला बसतात तशी बसली.

"आधी निवड चाचणी घ्या, सर," ती म्हणाली. "तोवर मी उठणार नाही."

कर्णधार पूजा थोडा वेळ बघत राहिली. मग येऊन तिच्या शेजारच्या चौकोनात, तोंड उलट दिशेला करून बसली. मग तिसरी आली, चौथी आली. आठही चौकोन भरले तेव्हा उरलेल्या मुली त्यांच्या मागे मातीत बसल्या. शबनम तेवढी खांबाजवळ उभी होती.

सर म्हणाले, आजचा सराव बंद. पूजा म्हणाली, चालेल. कुणी उठलं नाही. शेवटी रविराज कट्ट्यावरून उतरून मैदानाच्या कडेला आले.

"नंदू, ऊठ. लोक बघतायत."

"बघू द्या, पप्पा. मला तेच हवंय."

कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं, घ्या की हो चाचणी, भिता कशाला. मग सरांना दुसरा मार्ग उरला नाही. दिपाली, राजनंदिनी आणि शबनम पळतीला उतरल्या. राजनंदिनी जीव तोडून पळाली आणि पन्नासाव्या सेकंदाला बाद झाली. दिपाली सव्वा मिनिटाला. शबनम तीन मिनिटं झाली तरी पळतच होती. सरांनी शिट्टी वाजवली.

दिपालीची आई उठली. मुली शबनमला मुद्दाम सोडतायत, असं तिचं म्हणणं पडलं.

शबनमला धाप लागली होती. कमरेवर हात ठेवून ती सरांना म्हणाली, "मग पोरांना बसवा. पुन्हा पळते."

मुलांचा संघ बसला. ती मुलं तिच्यापेक्षा उंच होती, त्यांचे हात लांबवर पोचत होते. तरी त्यांना तिला बाद करायला दोन मिनिटं दहा सेकंद लागली. सरांनी फळ्यावरचं दिपालीचं नाव खोडलं आणि शबनमचं लिहिलं, घाईत आणि वाकडं.

रविराजांनी गाडी दिली नाही. मुली माळीवाडा स्टँडवरून एसटीने निघाल्या. राजनंदिनी पोचवायला गेली होती. शबनमने खिडकीतून तिला जवळ बोलावलं. आभार मानेल असं राजनंदिनीला वाटलं, आणि तिची तीच ओशाळली.

"तू जागा दिलीस असं कुणाला सांगू नको," शबनम म्हणाली. "मी पळून घेतलीय."

"व्हय," राजनंदिनी म्हणाली. "मी पाह्यलंय."

संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला. घरी आठ दिवस रविराज मुलीशी बोलले नाहीत, नवव्या दिवशी त्यांनी मीठ मागितलं. गोरक्ष सरांचा राग मात्र गेला नाही. सरावात ते तिला सगळ्यांत शेवटी पळायला पाठवतात, कधी कधी पाठवतच नाहीत. ती रोज सगळ्यांच्या आधी येते आणि तिची वेळ किती झाली ते त्यांना मोठ्याने विचारते. परवा एक मिनिट पाच सेकंद झाली. सरांना ते सगळ्यांसमोर सांगावं लागलं.