जरा सांभाळून घ्या

ज्या घरात एखाद्या माणसाला जरा जास्तच जपलं जातं, त्या घराला हा प्रसंग नवीन वाटणार नाही. बोलणं त्या माणसाबद्दल असतं, पण विचारलं जातं दुसऱ्यालाच.

"हिला चहात साखर चालते का?" असं शेजारच्या काकांनी विचारलं, तेव्हा ती त्यांच्या समोरच्याच खुर्चीत बसली होती. उत्तर तिच्या दादानं दिलं, "अर्धा चमचा."

"दीड," ती म्हणाली. "काका, मला दिसत नाही. ऐकू येतं."

काका ओशाळले, वहिनी खुदकन हसली आणि दादानं गुपचूप साखर वाढवली.

तिला सगळे ठिणगी म्हणत. हे तिचं खेळातलं नाव. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे राहतात, खेळणारे हातातल्या बटणांनी त्यांना ठोसे आणि लाथा मारायला लावतात आणि ज्याची ताकद आधी संपेल तो हरतो, अशा व्हिडिओ गेमची ती खेळाडू होती. लहानपणी एका तापात तिची नजर गेली. पुढे आईवडीलही गेले, आणि फ्रिज दुरुस्त करणाऱ्या दादानंच तिला वाढवलं. दादा आणि त्याचे मित्र संध्याकाळी हा खेळ खेळत, तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसून ऐकत असे. एक दिवस ती म्हणाली, "दादा, लाथ मारायच्या आधी तू दर वेळी मागे सरकतोस. म्हणून मार खातोस." मित्रांनी गंमत म्हणून बटणं तिच्या हातात दिली आणि गंमत त्यांच्याच अंगाशी आली.

या खेळात प्रत्येक फटक्याचा आवाज वेगळा असतो. समोरचा उडी मारून पाठीमागे गेला, की त्याच्या पावलांचा आवाजही एका कानातून दुसऱ्या कानात जातो. ठिणगी कानांनीच खेळत असे. मोठी झाल्यावर तिनं हाच पेशा धरला. स्पर्धा खेळायची, नवख्यांना शिकवायची. आता एखाद्या चांगल्या संघानं करार करून आपल्याला घ्यावं, एवढीच तिची इच्छा होती.

पण गाडी तिथेच अडत होती. स्पर्धेतल्या सुरुवातीच्या लढती ती आरामात जिंकायची आणि मोठे खेळाडू समोर आले की पार भुईसपाट व्हायची. संघांची माणसं खेळ बघून जात, कौतुक करत, पण पुन्हा फोन येत नसे.

"वहिनी, मी नक्की कशी खेळते, हेच मला कळेनासं झालंय," ती एकदा म्हणाली. "सकाळी वाटतं आपल्यासारखं कोणी नाही. दुपारी वाटतं आपल्याला काहीच येत नाही."

वहिनीला कारण ठाऊक नव्हतं. ते फक्त दादाला ठाऊक होतं.

लढतीआधी दादा हळूच समोरच्या खेळाडूला गाठायचा आणि अगदी काकुळतीला येऊन म्हणायचा, "माझी बहीण आहे हो. दिसत नाही तिला. फार मन लावून खेळते. जरा सांभाळून घ्या." बहुतेक जण मान डोलवत. माणसं काही वाईट नव्हती. ती हात आखडता घेत, ठिणगी जिंकत असे आणि दादाचा जीव भांड्यात पडे. मोठे खेळाडू मात्र आपापल्या संघाच्या गराड्यात असत. त्यांच्यापर्यंत त्याला पोचता येत नसे.

मग एका स्पर्धेत पहिलीच लढत कासवाशी पडली. कासव म्हणजे या खेळातलं फार जुनं, नावाजलेलं नाव. तो घाई म्हणून करत नसे. गप्प उभा राहायचा आणि समोरचा चुकला की एकच फटका द्यायचा. दादानं त्याला हात धुताना गाठलं आणि नेहमीची विनवणी केली.

"तिनं पाठवलंय तुम्हाला?" कासवानं विचारलं.

"छे हो. तिला कळलं तर मला घराबाहेर काढेल."

कासव "बरं" म्हणाला आणि हात पुसत निघून गेला. दादाला वाटलं, काम झालं.

काम झालं नव्हतं. कासव नुसता उभा राहिला. हालचाल नाही, म्हणून आवाज नाही. आणि आवाज नाही, म्हणून ठिणगीला तो कुठे आहे ते कळेना. ती चाचपडत पुढे गेली की फटका बसे. लढत बघता बघता संपली. सभागृहात लोक हळहळले. कोणीतरी मागून ओरडलं, "लाज वाटते का रे?"

दादानं कासवाला बाहेरच्या बोळात अडवलं. "एवढं सांगूनही? माणुसकी आहे की नाही तुम्हाला?"

"आहे, म्हणूनच पूर्ण खेळलो," कासव शांतपणे म्हणाला. "मी आज जो काही आहे तो हरून झालोय. प्रत्येक हार मला सांगून गेली की अमुक ठिकाणी तुझं चुकतंय. तुमच्या बहिणीला आजवर हे कोणी सांगितलंच नाही. तिला दोन पावलांवरचं अंतर ओळखता येत नाही, इतकी साधी गोष्ट! किती जणांना सांगितलंत तुम्ही, सांभाळून घ्या म्हणून?"

दादा उत्तर देणार तोच मागून आवाज आला, "हो दादा. किती जणांना?"

वहिनीच्या हाताला धरून ठिणगी दारात उभी होती.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. "आठवत नाही," तो पुटपुटला.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती घरी येऊन नेहमीसारखी जेवली, नेहमीसारखी बोलली. फक्त खेळायला बसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. शेवटी दादानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी जिंकले त्यातलं माझं काय आणि तू मागून आणलेलं काय, हे मला आता कसं कळणार? तूच सांग."

दादा स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ घट्ट करत बसला. वहिनी तिथेच होती. ती गाडी चालवायला शिकवत असे.

"अहो, माझ्या पायाशीही ब्रेक असतो," ती म्हणाली. "शिकणाऱ्याला न सांगता मीच सारखा तो दाबत बसले, तर त्याला वाटेल गाडी आपणच थांबवतोय. मग एक दिवस तो एकटा रस्त्यावर जाईल. तेव्हा काय होईल?"

"मी तिच्या भल्यासाठीच केलं."

"ते मला कळतं, तिलाही कळतं. म्हणून तर तिला तुमच्यावर धड चिडताही येत नाही. पण तुम्ही तिला हरू दिलं नाहीत, म्हणजे जिंकूही दिलं नाहीत. आणि खरं सांगू? त्यात तिची काळजी होती तेवढीच तुमची भीतीही होती. ती हरलेली तुम्हाला बघवत नाही."

हे दादाला झोंबलं, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी काम आटोपून, हातावरचे तेलाचे डाग तसेच ठेवून, तो कासवाच्या सरावाच्या खोलीवर गेला. "तिला शिकवा," तो म्हणाला. "हरवून हरवून शिकवा."

"तिनं विचारलं तर शिकवीन," कासव म्हणाला. "तुम्ही विचारून नाही."

दादा खाली मान घालून घरी आला आणि ठिणगीसमोर बसला. "मी त्याच्याकडे जाऊन आलो. म्हणजे पुन्हा तुझ्याऐवजी मीच बोललो. हे शेवटचं. तू स्वतः विचारलंस तर शिकवीन, म्हणाला. विचारायचं की नाही, तू ठरव."

ती म्हणाली, "मी हरले की तुला रडू येईल."

"येईल."

"मग दुसऱ्या खोलीत जाऊन रड."

असं ठरलं. तिनं स्वतःच कासवाला फोन केला. कासव तिच्याशी खेळू लागला आणि जराही दया न दाखवता तिला हरवू लागला. बंद दाराआडून ठिणगीची चिडचिड ऐकू येई आणि बाहेर दादा नखं खात बसे. पण हळूहळू तिला उलगडत गेलं. "मी गप्प बसलो तर मला बोलायला लाव," कासव म्हणायचा. मग ती दुरून एक हलकासा फटका मारायची. तो कशावर आदळला, किती वेळानं आदळला, ते ऐकायची आणि समोरचा किती लांब आहे ते ओळखायची. एक दिवस तिनं त्यालाच हरवलं. कासवानं खुर्ची मागे सारली, "पुन्हा" म्हणाला आणि पुढची लढत दुप्पट जोरानं जिंकली.

वर्षभरानं मोठी स्पर्धा आली. दादा सगळ्यात मागच्या रांगेत वहिनीशेजारी बसला. लढतीआधी तो जागचा हलला नाही. वहिनीनं त्याचा हातच धरून ठेवला होता. ठिणगीसमोर वावटळ नावाचा एक तरणाबांड खेळाडू होता. त्या वर्षी त्याला कोणी हात लावू शकलं नव्हतं. लढत शेवटच्या फेरीपर्यंत ताणली गेली. वावटळ थकला आणि क्षणभर श्वास घ्यायला मागे सरकला. त्या सरकण्याचा आवाज झाला, आणि ठिणगीनं तेवढ्यात डाव साधला.

वावटळनं कानावरचा हेडफोन काढून टेबलावर आपटला. हातसुद्धा मिळवला नाही. "हिच्याकडून हरलो मी?" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून तो तरातरा निघून गेला. लोक नाराज झाले. दादा ताडकन उठला. वहिनीला वाटलं, आता हा मारामारी करतो. पण दादाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता.

"अगं, चिडलाय तो!" तो म्हणाला. "खरोखरचा चिडलाय!"

दुसऱ्या दिवशी त्याच स्पर्धेतल्या पुढच्या लढतीत ठिणगी कासवाकडून हरली. दादाला वाईट वाटलं, तिलाही वाटलं, आणि जेवताना ती आपलं काय चुकलं ते भरल्या तोंडानं सगळ्यांना समजावत होती. पुढच्या महिन्यात एका संघानं तिला बोलावलं. कराराच्या बोलण्यासाठी ती एकटीच आत गेली. दादा बाहेर थांबला होता. आत काय झालं, हे तिनं सांगेपर्यंत त्यानं विचारलं नाही.

मित्रहो, आपल्या सगळ्यांच्या घरात असं कोणीतरी असतं. न दिसणारं, न चालता येणारं, वय झालेलं, किंवा नुसतंच धाकटं. आपण त्यांना जीव लावतो, ते योग्यच. पण त्यांच्या वाटणीची हार आपण काढून घेतो, तेव्हा त्यांची जीतही आपल्याच हातात येते आणि त्यांच्या पदरात नुसतं कौतुक उरतं. दया करायला मोठं मन लागतं असं आपण समजतो. खरं तर आपल्या माणसाला बरोबरीनं वागवायला, त्याला पडताना बघून जागेवर बसून राहायला, त्याहून मोठं मन लागतं. दादाला ते जमायला वर्ष लागलं. आपल्यालाही वेळ लागेल, पण सुरुवात तर करता येईल.