इस्त्री केलेले सँडविच

मित्रांनो, माझ्या अंगाला लोणी, जिरे आणि लसूण यांचा वास येतो म्हणून तुम्ही मला तवा समजाल, नाहीतर एखादे विचित्र झाकण समजाल. तसे समजू नका, मला राग येतो. मी इस्त्री आहे. कोळशाची, पितळेची, चांगली वजनदार आणि वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीची. माझ्या झाकणाच्या खटक्यावर बोटभर उंचीचा एक पितळी कोंबडा बसलेला आहे. तो आजवर एकदाही आरवलेला नाही, पण ऐट अशी की सूर्य त्याच्याच परवानगीने उगवतो.

माझा जन्म ओतकामाच्या एका कारखान्यात झाला. वाळूच्या साच्यात वितळलेले पितळ ओतले, ते निवल्यावर साचा फोडला आणि मी बाहेर आले. तेव्हा मी काळीबेंद्री आणि खडबडीत होते. मग एका कारागिराने माझा तळवा कानशीने घासला, बारीक वाळूने घासला, ओल्या फडक्याने घासला, आणि शेवटी त्यात स्वतःचे तोंड पाहून मिशी नीट केली. तेव्हा कुठे त्याचे समाधान झाले. लाकडी मूठ बसवून त्याने मला भांड्यांच्या दुकानात धाडले.

त्या दुकानात एक दिवस एक तरुण इस्त्रीवाला आला. त्याने फळीवरची एकेक इस्त्री डोळे मिटून हातात तोलली. माझी मूठ धरल्यावर त्याने डोळे उघडले. त्या क्षणापासून मी त्याची झाले. त्याचे दुकान रस्त्याला लागून होते आणि घर त्याच्या वरच्या मजल्यावर. मागच्या दाराने जिना चढला की घर, उतरला की धंदा.

काय दिवस होते ते! माझ्या पोटात निखारे फुललेले, समोर कपड्यांचा ढीग, आणि मालकांच्या डाव्या हाताशी पाण्याचे वाडगे. त्यात बोटे बुडवून ते कपड्यावर असा शिपका मारत की थेंब सगळीकडे सारखे पडत. मग मी. मला कधी खसाखसा ओढले नाही त्यांनी. दाबायचे, थांबायचे, उचलायचे. वकिलांचे डगले, बँडवाल्यांचे गणवेश, नवरीचा झालरींचा पोशाख, सगळे माझ्या तळव्याखालून गेले आहे. "कापड ओलसर, इस्त्री गरम आणि डोकं थंड," असे मालक म्हणत. आमच्या धंद्यात एकच गोष्ट क्षम्य नव्हती. कपड्यावर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला की इज्जत गेली. माझ्या हातून असे कधी झाले नाही, हे मी मान ताठ करून सांगते.

पण सगळे दिवस सारखे नसतात. घरोघरी विजेच्या इस्त्र्या आल्या. त्यांना शेपटी असते, आणि ती भिंतीत खुपसल्याशिवाय त्यांना ऊब येत नाही. त्यांच्यामागून असे कपडे आले की ज्यांना इस्त्रीच लागत नाही. हे म्हणजे फारच झाले. गिऱ्हाईक पातळ होत गेले आणि एक दिवस मालकांनी पाटी उतरवली. मागचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला काहीतरी टेकू हवा होता. ती नेमणूक मला मिळाली. ज्या तळव्यात कारागिराने मिशी पाहिली होती, त्या तळव्याला आता धूळ आणि कोळ्याची जाळी लागली.

मालकांचेही तसेच झाले. ते वर खिडकीपाशी बसू लागले. जेवायला बोलावले की जेवत, विचारले की हूं म्हणत. हात मात्र ऐकत नसत. वर्तमानपत्र, टॉवेल, हात पुसायचा रुमाल, जे सापडेल त्याची ते घडी घालत आणि मोडून पुन्हा घालत. हे मला कळले ते त्यांच्या सुनेकडून. ती जिना उतरताना नवऱ्याशी हळू आवाजात बोले. मुलगा बस चालवायचा. तो म्हणे, बाबांना आता आराम करू दे. सून म्हणे, आराम नाही तो, आजारपण आहे.

ही सून मोठी गुणाची होती. हाताला चव होती आणि डोक्यात सतत काहीतरी शिजत असे. रिकाम्या दुकानात सँडविचचा धंदा काढायचा, असे तिने ठरवले. सासऱ्यांची परवानगी मागितली तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "जिथे मी लोकांचे डाग काढले, तिथे तुम्हाला तेलाचे डाग पाडायचे असतील तर पाडा. माझा पाय त्या दुकानाला लागणार नाही."

झाले. घरात माणसे तीन आणि तोंडे तीन दिशांना.

तरीही सुनेने भिंती धुतल्या, चूल मांडली आणि कामाला लागली. मी दारातून सगळे पाहत होते. उजाडताच ती खांद्याचे मटण हाडासकट मोठ्या तुकड्यांत घेई. मीठ, भाजलेले जिरे, भरड धणे, सुकी लाल मिरची, मिरे आणि दालचिनी त्याला चोळून लावी. जाड बुडाच्या पातेल्यात ते सगळ्या बाजूंनी लालसर परतून घेई. मग त्यात भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, पाणी आणि थोडा व्हिनेगर घालून झाकण ठेवी. आच इतकी मंद की पातेले झोपले आहे असे वाटावे. मधूनच एखादा बुडबुडा येई, तेवढेच. दुपार व्हायच्या आत मांस हाडावरून आपोआप सुटे. दोन काट्यांनी ते मोकळे केले की धागे धागे होत. मग उरलेला रस आटवून ती त्यातच परत मिसळे. तो वास सगळ्या रस्त्याला पत्ता विचारायला लावून आमच्या दारात आणत असे.

मटणाला नावे ठेवायला जागा नव्हती. घोडे पेंड खात होते ते सँडविचपाशी. पाव मोठा गोल, एकेक काप ताटलीएवढा आणि चांगला जाड. खालच्या कापावर चीज, त्यावर मटण, त्यावर पुन्हा चीज, वर दुसरा काप, बाहेरून लोणी. हे तव्यावर ठेवले की खालचा काप करपे आणि आतले चीज थंडच राही. वरचा काप आ वासून बसे. सुनेने झाऱ्याने दाबले, ताटलीने दाबले, पाण्याने भरलेले पातेले वर ठेवून पाहिले. ते कलंडले आणि सँडविचला आंघोळ झाली.

समोरच्या शिंपीणकाकू तिच्या पहिल्या गिऱ्हाईक. त्यांच्या जिभेला हाड नव्हते, पण मनात काही नसे. त्या म्हणाल्या, चव अशी की बोटे चाटत बसावे, पण हे खाताना रुमाल पुरत नाही बाई, रेनकोट घालावा लागतो. खरेच होते. पहिल्या घासाला अर्धे मटण त्यांच्या मांडीवर आले होते.

काकू गेल्यावर सून मागच्या दारात, माझ्याशेजारीच बसली. नवरा जेवायला आला होता. त्याने विचारले, तर ती म्हणाली, "हा आठवडा बघते, नाहीतर बंद करते. मी हरले तर हरले. पण दुकानाला पुन्हा कुलूप लागलं ना, तर बाबा कधीच खाली येणार नाहीत." मलाही वाईट वाटले, पण टेकूला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी तिची नजर माझ्यावर पडली. नुसती पडली नाही, थबकली. तिने मला उचलले आणि "अगं बाई, केवढी जड" असे स्वतःशीच म्हणाली. मग तिने राख, मीठ आणि लिंबू घेऊन मला घासायला सुरुवात केली. किती वर्षांनी माझ्या अंगाला कोणाचा हात लागला होता! गरम पाण्याने धुऊन, कोरडे पुसून तिने मला तव्यावरच्या सँडविचवर ठेवले. आणि तेवढ्यात, टेकू नसलेले मागचे दार वाऱ्याने धाडकन आपटले.

ते दार मी तिथे बसल्यापासून कधी वाजले नव्हते. वर खुर्ची सरकली. जिन्यावर पावले वाजली. मालकांनी दार ढकलले आणि उंबरठ्याशी थांबले. त्यांनी आधी माझी रिकामी जागा पाहिली, मग तव्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा असा झाला की आता माझे काही खरे नाही असे मला वाटले. सूनही अंग चोरून उभी राहिली.

"थंड इस्त्री ठेवतात का कधी?" मालक म्हणाले.

ती अगदी साधेपणाने म्हणाली, "मला येत नाही, बाबा. दाखवता का?"

आणि ती तव्यापासून बाजूला सरकली.

मालकांनी उंबरठा ओलांडला. आपण तो ओलांडला हे त्यांच्या ध्यानातही आले नसावे. त्यांनी चुलीतले निखारे चिमट्याने उचलून माझ्या पोटात भरले, झाकण लावले आणि मला दारात नेऊन दोन झोके दिले. राख उडून गेली. माझ्या पोटात ऊब पसरली, आणि मित्रांनो, मला रडता येत असते तर मी रडले असते. त्यांनी ओले बोट माझ्या तळव्याला टेकवले. चर्र! झाले, मी तयार.

पुढे जे झाले ते फक्त इस्त्रीवाल्याच्याच घरात होऊ शकते. सुनेने नवे सँडविच तव्यावर ठेवले. मालकांचा डावा हात आपोआप शेजारच्या वाडग्यात गेला आणि त्यांनी सँडविचवर सर्रकन पाण्याचा शिपका मारला, सदऱ्यावर मारावा तसा.

"अहो बाबा, पाव आहे तो!" सून ओरडली.

मालक ओशाळले. सवय हो, सवय, असे पुटपुटले. पण हात थांबला नव्हता, मी खाली आले होते. लोणी लावलेल्या पावावर पाणी कुठले ठरणार? थेंब घरंगळून तव्यावर पडले आणि त्यांची वाफ झाली. खाली तवा, वर मी, आणि सगळीकडून वाफेचा वेढा. माझ्याखाली काहीतरी सैल पडू लागले. चीज वितळत होते! मालकांनी मला ओढले नाही. दाबले, थांबले, उचलले.

आणि माझा जीव गोळा झाला. पावावर माझा ठसा उमटला होता. टोकदार नाक, गोलसर कडा, खमंग तपकिरी, जसाच्या तसा. सगळे आयुष्य ज्याला घाबरले तेच झाले. मालकांचाही चेहरा पडला. ते सुनेला म्हणाले, "माफ कर गं, वाया घालवलं तुझं."

सुनेने काही न बोलता सुरी घेतली आणि मधोमध काप दिला. कड कुरकुरली. चीजच्या तारा लांबत गेल्या, मटण जागच्या जागी दाबून बसलेले, एक धागा बाहेर आला नाही. नेमक्या शिंपीणकाकू वासावर आल्या आणि कोणाला न विचारता अर्धा तुकडा उचलून उभ्याउभ्याच खाऊ लागल्या. त्या बोलेनात, तेव्हा काहीतरी विशेष घडले आहे हे सगळ्यांना कळले. खाऊन झाल्यावर त्यांनी स्वतःची मांडी तपासली. कोरडी ठाक. मग त्या म्हणाल्या की आणखी एक द्या, पण असेच, इस्त्री केलेले.

ते मालकांनी केले. त्यानंतर त्यांनी तिसरे केले, अगदी सावकाश. ते ताटलीत ठेवून त्यांनी गिऱ्हाइकाचे स्टूल पुढे ओढले आणि सुनेला म्हणाले, "बस. पहाटेपासून उभी आहेस. आधी खा."

तिला आजवर सगळ्यांनी फक्त वाढायलाच सांगितले होते. ती बसली, पण बराच वेळ तिला घास घेता आला नाही. मालकांना वाटले, काहीतरी चुकले. त्यांनी घाबरून विचारले की मीठ कमी पडले का. तेव्हा ती रडता रडता हसायला लागली. तोंड भरलेले असताना हसू नये, पण त्या दिवशी तिला कोणीच टोकले नाही.

तेव्हापासून आमचे दुकान जोरात आहे. मुलगा बसची फेरी संपवून येतो आणि कांदे चिरतो. शिपका आता चुकून नाही, ठरवून मारला जातो, तव्याच्या कडेला. लोक मुद्दाम सांगतात, ठसा गडद हवा. पहिल्यांदा मला लाजल्यासारखे व्हायचे. आता मी नाक वर करून उमटवते. कोंबडा तर असा मिरवतो की जणू सगळे त्यानेच केले.

मालक आता थकले आहेत. माझे वजन त्यांना पेलत नाही, म्हणून मूठ सुनेच्या हातात असते. ते स्टुलावर बसून "थांब, थांब... हं, उचल" एवढेच सांगतात. खरे म्हणजे तिला ते कधीचेच कळू लागले आहे. तरीही रोज पहिले सँडविच ठेवले की ती त्यांच्याकडे पाहते, आणि ते उचल म्हणेपर्यंत मला उचलत नाही.

मित्रांनो, काम झाले की माझ्या पोटातली राख काढा, तळवा गरम असतानाच पुसा, ओला ठेवू नका. एवढे केलेत तर मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. आणि तुमच्या घरात खिडकीपाशी गप्प बसलेले कोणी असेल, तर त्याला नुसते ताट नेऊन देऊ नका. त्याला म्हणा, मला हे येत नाही, दाखवता का? मग जरा बाजूला सरका. त्याला उभे राहायला तेवढी जागा पुरते.