हळद लागलेला नवरदेव

फौजेतला दिग्विजय स्वतःच्या लग्नासाठी सुट्टी काढून उंब्रजला आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा चुलतभाऊ यशराज आणि यशराजचा दोस्त जोतिबा सोप्यात येऊन बसले. दोघंही अकरावीतले. दिग्विजयची आई बनुबाई चहा गाळत होती. पोरं काय मागायला आलीत ते तिला कळलं. फौजी घरी आला की मिलिटरी कॅन्टीनच्या दारूच्या बाटलीची चर्चा गावात त्याच्याआधी पोचते.

"दादा, हळदीला आमची बी सोय कर की," जोतिबा म्हणाला.

आता हा कानाखाली वाजवणार, असं बनुबाईला वाटलं. पण दिग्विजयनं दोघांपुढं चहा सरकवला. "घेतलीय का रं कवा?"

यशराज खाली बघत म्हणाला, "एकदा. एका हळदीत. समदे घेत हुते, न्हाई म्हणायची लाज वाटली."

"खरं बोललास, बरं वाटलं. आता माझं ऐका. तुमच्या वयात मेंदू अजून घडत असतो, दारू त्यालाच धरती. ध्यान लागत न्हाई, काय बी आठवत न्हाई. आणि या वयात लागलेली सवय लय चिवट."

"मग फौजेत कशाला देत्यात?"

"मिळती. मी घेत न्हाई. सुरुवातीला चेष्टा झाली. 'मला नको' एवढंच म्हणायचो, कारणं देत बसायचो न्हाई. शेवटी चेष्टा करणारीच दमली." पोरं हसली. मग तो म्हणाला, "आणि पिलेल्याच्या गाडीवर बसायचं न्हाई. कुठं अडकलासा तर मला फोन करा. मी रागवणार न्हाई, न्यायला येईन."

बनुबाई गाळणी हातात धरून ऐकतच राहिली. घरात एवढ्या शांतपणे पोरांशी कुणी बोललेलं तिनं पाहिलं नव्हतं.

हळदीच्या संध्याकाळी बायकांनी दिग्विजयला पिवळाधमक केला. तेवढ्यात यशराजचा फोन आला. हायवेवरच्या ढाब्यावर जोतिबा पिऊन तर्र झाला होता आणि गाडी मीच चालवणार म्हणून भांडत होता. यशराज प्यायला नव्हता. त्यानं किल्ली काढून घेतली होती.

दिग्विजय पाटावरून उठला. त्याचे वडील लालासाहेब आडवे आले. "हळद लागलेला नवरदेव घराभाईर पडत न्हाई! दुसऱ्या कुणाला धाड."

"आबा, शब्द मी दिलाय."

पाहुणे कुजबुजायला लागले. अपशकुनाची भीती बनुबाईलाही होती. तरी ती पुढं झाली. "जाऊ द्या त्याला. आवं, पोरानं इस्वासानं हाक मारलीया."

दिग्विजय जीप घेऊन परत आला तेव्हा जोतिबा मागं आडवा पडला होता, शर्टावर ओकलेला. दिग्विजयनं त्याला न्हाणीत नेऊन तोंड धुतलं, कोरडा शर्ट घातला, कुशीवर निजवलं आणि यशराजला त्याच्याजवळ बसवलं. रागाचा एक शब्द काढला नाही. यशराजच्या पाठीवर मात्र थाप मारली. "दोस्ताची किल्ली काढून घ्यायला जिगर लागती, गड्या."

सकाळी दिग्विजयला फेटा बांधत होते. दारात वऱ्हाडाच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. जोतिबा मान खाली घालून आत आला.

"दादा, माझ्या बाबांशी बोलशील का? त्ये रोज पित्यात. मला कुणाला सांगताच येत न्हाई."

फेटा अर्धवट राहिला. दिग्विजय उठून त्याच्याजवळ गेला. "आज लगीन हाय. उद्या सकाळी येतो. तू बी संगं बसायचं, व्हय?"

जोतिबाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. फौजी पोराचा अभिमान बनुबाईला नेहमीच होता. आज त्याच्याकडं बघताना, एखाद्या जाणत्या माणसासमोर उभं राहावं तसं तिला वाटलं. तिनं जोतिबाला हाताला धरून चुलीपाशी नेलं आणि गरम पोह्यांची ताटली त्याच्यापुढं ठेवली.