विसाव्याची घंटा

शिबिराचं नाव होतं 'स्वतःची काळजी: प्रभूच्या पायाशी विसावा', आणि पहिली घंटा पहाटे पाचला होती. मी वेळापत्रकाचा कागद दोनदा वाचला. तीन दिवसांत अकरा सत्रं, चार गटचर्चा, रोज कवायत, आणि जेवणानंतर वीस मिनिटं 'मूक विसावा', तोसुद्धा बाकावर ताठ बसून. डोळे मिटायला हरकत नाही, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. केवढी मेहरबानी.

मी तिथे कशी जाऊन पडले ते सांगते. औषधांच्या दुकानात मी बावीस वर्षं काम करतेय. कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, हे मी झोपेतही सांगेन, आणि गेली चार वर्षं जवळजवळ झोपेतच सांगत होते. कारण घरी आई अंथरुणाला खिळलेली. दिवसा शेजारच्या काकू बसतात, बाकी सगळं माझ्याकडे. रात्रीतून तीनदा कूस बदलायची, दोनदा भांडं द्यायचं, आणि जरा डोळा लागला की आई विचारणार, 'झोपलीस का गं?'

शिबिराच्या तीन आठवडे आधी एका रविवारी मी तिला मधुमेहाची गोळी सकाळी सहाला दिली. सातला परत दिली. दहाच्या सुमारास बघते तर घामाने निथळतेय, हाक मारली तर ओ नाही. काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं, कळणारच, दुसऱ्यांना हेच तर समजावून सांगत असते मी. हिरड्यांना मध चोळला, डोळे उघडल्यावर साखरेचं पाणी पाजलं. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, 'आज चर्चला नाही गेलीस?'

हे मी कोणाला सांगितलं नाही. बावीस वर्षांत गिऱ्हाइकाला एक चुकीची गोळी दिली नाही आणि घरच्या म्हातारीला दिली, हे सांगणार कुठल्या तोंडाने? पण त्या दिवसापासून प्रत्येक गोळी काढताना पाकीट उलटंपालटं करून बघायला लागले. मला झोप हवी होती. नाही मिळाली, तर एक दिवस माझ्याच हातून आई जाणार होती.

पुढच्या रविवारी चर्चच्या पायरीवर आमच्या पाळकांच्या बायकोने, पाळकीणबाईंनी, मला गाठलं. "ताई, चेहरा बघा कसा झालाय. शेजाऱ्यावर प्रीती करायची ती स्वतःवर करतो तेवढी, मग स्वतःवर नको का करायला? शिबिराला या. तीन दिवस नुसता विसावा." नुसता विसावा, हे शब्द ऐकूनच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कागदावर सही करून मोकळी झाले.

आता आईजवळ कोण? भाऊ जहाजावर असतो. राहिली वहिनी. वहिनीचं पार्लर आहे. चर्चला वर्षातून दोनदा येते, तीही केसांचा नवा रंग दाखवायला, असं मी चारचौघींत म्हणायचे. नखं रंगवणाऱ्या बाईच्या हातात आईला कशाला द्यायचं, म्हणून चार वर्षांत तिला एकदाही विचारलं नव्हतं. नाक मुठीत धरून फोन केला. ती म्हणाली, "किती वाजता येऊ?" बस, एवढंच. ती आली तेव्हा मी तिला गोळ्यांचा तक्ता तीन वेळा वाचून दाखवला. मी. माझी मलाच लाज वाटायला हवी होती.

तर शिबिर. एका शाळेचं वसतिगृह, लोखंडी खाटा, खोलीत आम्ही सहा जणी. वक्ताबाई मोठ्या नावाजलेल्या. गालाला चिकटलेला माइक, रेशमी ओढणी, आणि उतरल्या होत्या चांगल्या हॉटेलात. पाचची घंटा त्यांना लागू नव्हती. नऊ वाजता झोप पूर्ण झालेल्या चेहऱ्याने यायच्या आणि आम्हाला झोपेचं महत्त्व सांगायच्या. प्रत्येकीला एक वही दिली होती. त्यात छापलेलं, 'माझी विश्रांती कोणी चोरली?' आणि खाली पाच रिकाम्या ओळी. मी पहिल्या ओळीवर लिहिलं, 'पाचची घंटा.' माझी गटप्रमुख बाई वाचून म्हणाली, "ताई, जरा खोलवर जा ना." खोलवर जायला मी काय विहीर खणायला आले होते?

शनिवारी सकाळी सत्र होतं, वादळात प्रभू येशू नावेत उशी घेऊन का झोपला. दीड तास. वक्ताबाईंनी पाच कारणं सांगितली, फळ्यावर पाच रंगांच्या खडूंनी. पित्यावर भरवसा, शिष्यांची परीक्षा, वादळावर अधिकार, येणाऱ्या पिढ्यांना उदाहरण, पाचवं आता आठवत नाही. दिवसभर गर्दीत उभं राहून तो दमला होता, हे कारण त्यात कुठेच नव्हतं. मी बाकावर बसून विचार करत होते, बरं झालं, त्या नावेत या बाई नव्हत्या. दोन मिनिटांत उठवून त्याला गटचर्चेला बसवला असता.

जेवणानंतर मी जिन्याखालची गाद्यांची खोली शोधली. छतापर्यंत गाद्यांची थप्पी, दार ढकललं की अंधार. थप्पीवरून एक गादी ओढली आणि आडवी झाले. आई नाही, भांडं नाही, 'झोपलीस का गं' नाही. चार वर्षांत अशी झोप लागली नव्हती. चाळीस मिनिटं. मग दार उघडलं आणि पाळकीणबाई उभ्या.

"अहो ताई, तुम्ही इथे? सगळ्या शोधतायत. प्रार्थना सुरू केली तुमच्यासाठी."

"मी झोपले होते."

"हो, पण आत्ता गटचर्चा आहे."

"कशावर?"

त्यांनी हातातला कागद बघितला. "विश्रांती घ्यायला आपण का घाबरतो."

त्यांना त्यात काही गंमत दिसली नाही. बाई वाईट नाही, खरं सांगते. वेळापत्रक चुकलं तर देव चुकेल असं तिला वाटतं, एवढंच. मी गादी जागेवर ठेवली आणि मुकाट्याने त्यांच्या मागे गेले.

रविवारी शेवटची साक्ष. एकेकीने पुढे येऊन सांगायचं, या तीन दिवसांत प्रभूने मला काय दिलं. एकीला शांती मिळाली, एकीला प्रकाश, एकीची पाठदुखी थांबली, आणि तिने तिथल्या तिथे वाकून दाखवलं. माझी पाळी आली. डोकं इतकं जड झालं होतं की खोटं सुचेना. मी म्हणाले, "मला झोप हवी होती. तीन आठवड्यांपूर्वी झोपेच्या गुंगीत मी आईला दोनदा गोळी दिली. ती मेली असती. उद्यापासून परत मीच आहे. मला भीती वाटते."

मला वाटलं, आता कोणीतरी विचारेल. कोणीतरी म्हणेल, ताई, बुधवारी मी बसते, तुम्ही झोपा. साठ बायका होत्या. त्यातल्या निम्म्या माझ्या घरापासून चालत येण्याच्या अंतरावर राहणाऱ्या.

वक्ताबाई पुढे आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मागून सगळ्या आल्या. डोक्यावर हात, खांद्यावर हात, पाठीवर हात. पंचवीस मिनिटं प्रार्थना. रडल्यासुद्धा, खोटं नाही बोलणार. मी उभी, वर त्या सगळ्यांचं वजन. आमेन झाल्यावर वक्ताबाई माइकमध्ये म्हणाल्या, "ताईंनी आपलं ओझं इथे ठेवलं आहे." ठेवलं कुठे, बाई? ते घरी खाटेवर होतं, आणि साडेतीनच्या बसने मी त्याच्याकडेच निघाले होते. निघताना दोघींनी मला विचारलं, कोणती गोळी हो, आमच्या सासूबाई पण घेतात.

घरी पोचले तेव्हा साडेपाच वाजले होते. आई झोपली होती, स्वच्छ, केस विंचरलेले, आणि दहाच्या दहा नखं गुलाबी रंगवलेली. वहिनी खाटेच्या पायथ्याशी मोबाइल बघत बसली होती.

"झाला आराम?" तिने हळूच विचारलं.

"डोंबल. गोळ्यांचं काय केलंस?"

"तक्त्याप्रमाणे दिल्या. दिली की खूण केली. आईंनी तसं करायलाच सांगितलं." मग तिने मोबाइल खाली ठेवला. "ताई, त्या दोन गोळ्यांचं मला माहीत आहे. आईंनी सांगितलं."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. "आईला कसं माहीत?"

"दुसरी दिली तेव्हाच कळलं होतं त्यांना. म्हणाल्या, पोरगी उभ्या उभ्या पेंगत होती. तिला कुठे परत बोलायचं, म्हणून गिळली."

मी भिंतीला टेकले. चार वर्षं मी स्वतःला जाळत होते, त्याला सेवा म्हणत होते, आणि मदत करू शकणाऱ्यांना कमी समजत होते. आणि मला वाईट वाटू नये म्हणून माझी आई कळूनसवरून दुसरी गोळी गिळत होती. वहिनीवर, पाळकीणबाईंवर, त्या माइकवालीवर मी केवढं तोंड टाकत आले. सगळ्यांत मोठी शहाणी तर मीच निघाले.

वहिनी उठली. पिशवी माझ्या हातातून घेतली. "दर शनिवार-रविवार मी येणार. पार्लर मुली सांभाळतील. आणि हे तुम्ही मला विचारायचं नाही, मी सांगतेय. आता आत जा, झोपा."

"मी आज संध्याकाळी चर्चला..."

"देव कुठे पळून जातोय?" वहिनी म्हणाली. "जेवायला उठवणार नाही."