सरळ शिवणीचा सूर

मित्रांनो, कपाटावर, जुन्या गाद्यांच्या मागे, एक काळी पेटी आहे. तिच्यात पडून असलेलं जुनं व्हायोलिन म्हणजे मी. माझी एक तार तुटली आहे आणि उरलेल्या सैल पडल्या आहेत, तेव्हा आवाज घोगरा वाटला तर सांभाळून घ्या.

दोन-तीन हात बदलून मी एका शिंप्याच्या घरी आले. त्या घराला गाण्याचा गंधही नव्हता. शिंप्याची मुलगी चिंगी शाळेतल्या बाईंचं वाजवणं ऐकून खुळावली होती, एवढंच. आईनं उरलेल्या अस्तराचं माझ्यासाठी मऊ पांघरूण शिवलं. बाबा मला उचलण्याआधी हात धुवायचे.

घर एका खोलीचं. चिंगी वाजवायची तेव्हा बाबांचं विजेचं शिलाई मशीन शेजारीच चालू असायचं. मला सुरात कसं लावायचं हे तिथे कोणाला ठाऊक? चिंगीनं आपली मशीनच्या घरघरीलाच माझी तार जुळवून टाकली. बाबांच्या ते लक्षात आलं. तेव्हापासून कॉलर, खिसे, बाह्या ते सकाळी उरकायचे आणि पडद्यांच्या लांब सरळ शिवणी संध्याकाळसाठी राखून ठेवायचे, म्हणजे मशीन मध्येच थांबायला नको. मशीनचं पेडलही पायानं असं एकसारखं दाबून धरायचे की घरघरीचा सूर तसूभर हलत नसे. मी फार सुखात होते.

मग संगीतशाळेची प्रवेश परीक्षा आली. पियानोपाशी बसलेल्या मास्तरांनी थोडं ऐकून तिला थांबवलं.

“सूर खाली लागलाय. घरी कशाशी जुळवतेस?”

“बाबांच्या मशीनशी.”

बाकीची मुलं हसली. त्यांच्यात कोणाची आई गायची, कोणाचे आजोबा वाजवायचे. मास्तर मात्र हसले नाहीत. दाराशी उभ्या असलेल्या बाबांना म्हणाले, “कान चांगला आहे पोरीचा. पण घरात हा गोंगाट नको. तिला शांतता द्या आणि पुढच्या वर्षी आणा.”

बाबांनी ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्याच दिवशी मशीन पलीकडच्या गल्लीतल्या एका खोलीत हलवलं. त्या शांत घरात चिंगी दोन ओळी वाजवायची आणि मशीनच्या रिकाम्या जागेकडे बघत थांबायची.

“बाबांना सांग ना, तुला करमत नाही म्हणून,” आई म्हणाली.

“नको गं. माझ्यासाठी एवढं केलं त्यांनी. आता कोणत्या तोंडानं परत आणा म्हणू?”

हळूहळू पेटी उघडणं बंद झालं. “माझ्याच मशीननं पोरीचा कान बिघडला,” असं बाबा आईला म्हणायचे. ते ऐकून मला पेटीत रडू यायचं.

वर्षं गेली. बाबा वारले आणि मशीन घरी परत आलं. मोठ्या झालेल्या चिंगीनं मला बाहेर काढून हनुवटीखाली धरलं आणि मशीनच्या पेडलवर पाय ठेवला. घरघर उठली, चढली, उतरली, पुन्हा चढली. तिचा पाय काही एकसारखा राहीना. सूर जुळवता जुळवता माझी तार तुटली. तिनं मला पांघरुणात गुंडाळलं आणि झाकण लावलं.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असं मी म्हणणार नाही. पण तुमचा सराव चालू असताना शेजारी कोणी भाजी चिरत बसत असेल, कोणी इस्त्री करत असेल, तर त्यांना एकदा सांगा, “तुम्ही इथेच बसा.” बाबांना हे कोणी सांगितलं नाही.